झोका आवरण्याची विद्या

वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे आखाजीस, खानदेशांत गांवोगांवीं निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. माहेरीं आलेल्या लेकी त्यांवर बसून गाणीं म्हणतात आणि गाण्याबरोबर झोका चढत जातो. तो चढतो कसा हें लहान मुलीलाहि ठाऊक असतें. झोका मागच्या टोंकाला जाऊन परत फिरला कीं नेमक्या त्याच क्षणीं हलका धक्का द्यावयाचा. जोर थोडाच लागतो. वेळ मात्र साधावी लागते. तोच हात झोका मागें येत असतां आडवा आला, तर झोका मंदावतो. हात तोच, जोर तोच. केवळ वेळ बदलली कीं वाढविणारा हात आवरणारा होतो.

जळगांव-भुसावळच्या हमरस्त्यावरील नशिराबादेंत एखाद्या हौशी तरुणानें घराच्या पडवींत एक चलत् आसन करण्याचें मनांत आणलें, असें समजूं या. पडद्यावर मोटारगाडी वळली कीं आसनानेंहि कलावें, विमानानें नाक उचललें कीं आसनानेंहि मागें झुकावें, असा त्याचा बेत. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. लोखंडी सांगाडा, जुन्या गाडीची खुर्ची, दोन मोटारी आणि तळहाताएवढें संगणक-फलक इतकी सामग्री त्यास पुरते. परंतु वीज जोडतांच त्याची पहिली गांठ पडते ती आखाजीच्या झोक्याशींच. आसन सांगितलेल्या जागीं जाऊन थांबत नाहीं. तें पुढें जातें, मागें येतें, पुन्हां पुढें जातें, आणि कांहीं वेळां प्रत्येक हेलकाव्याबरोबर अधिकच बेभान होतें. मोटार वाईट नसते, लोखंडहि वाईट नसतें. धक्क्याची वेळ चुकलेली असते. ही वेळ साधण्याची विद्या माणसाला कशी अवगत झाली, याचा इतिहास सुमारें सव्वादोनशें वर्षांचा आहे.

केळीच्या बागेंतील विहिरीवरची मोटार कळ दाबतांच फिरूं लागते आणि वीज जाईपर्यंत फिरत राहते. तिच्याकडून अपेक्षा एकच, फिरण्याची. आसन कलविणाऱ्या मोटारीला मात्र सांगावें लागतें कीं सात अंश पुढें जा, तेथें थांब, लगेच तीन अंश मागें ये, आणि हें करतांना वर बसलेल्या माणसाला हिसका बसूं देऊं नकोस. विजेच्या योगानें फिरण्याचें शास्त्र मायकेल फॅरडे यांच्या १८२१ च्या प्रयोगापासून सुरू झालें. आवरण्याचें शास्त्र त्याहून जुनें आहे, आणि यंत्रयुगांतील त्याचा उगम विजेंत नसून वाफेंत आहे.

१७८८ सालीं इंग्लंडांत बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यानें वाफेच्या इंजिनावर दोन जड गोळे फिरते बसविले. पवनचक्क्यांत ही युक्ति आधींपासून प्रचारांत होती. इंजिनाचा वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची वाट अरुंद होई. वेग मंदावला कीं गोळे खालीं उतरत आणि वाट मोकळी होई. या साधनास गव्हर्नर असें नांव पडलें. यंत्राची चूक यंत्रालाच कळविण्याची आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करविण्याची ही सोय कारखानदारांना फार मानवली. परंतु यंत्रें मोठीं आणि कारागिरी अधिक सफाईची होऊं लागली, तसा एक विलक्षण दोष दिसूं लागला. कांहीं इंजिनें एकाच वेगावर स्थिर राहीनात; तीं भरधांव सुटत, मंदावत, पुन्हां सुटत. इंग्रज कारागिरांनीं या खोडीला शिकार हें नांव दिलें, कारण यंत्र जणूं आपल्या योग्य वेगाच्या मागें सैरावैरा धांवत असे.

ग्रीनिचच्या वेधशाळेचे जॉर्ज एअरी यांना हीच खोडी दुर्बिणीच्या यंत्रांत आढळली. ताऱ्याच्या मागोमाग संथपणें वळणारी दुर्बीण मध्येंच उसळूं लागे. १८४० सालीं त्यांनीं या दोषाचा गणिती विचार मांडला. त्यानंतर १८६८ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं गव्हर्नरांवरील आपला निबंध रॉयल सोसायटीपुढें ठेवला. कोणत्या परिस्थितींत हेलकावा आपोआप विरून जाईल आणि कोणत्या परिस्थितींत तो वाढत जाईल, हें ठरविणाऱ्या अटी त्यांनीं समीकरणांतून काढून दाखविल्या. चूक दुरुस्त करणारा हातच उशिरां पोंचला तर तो नव्या चुकीचें कारण होतो, हें मर्म येथून पुढें गणिताच्या कक्षेंत आलें.

मॅक्सवेल हा विचार करीत होते त्याच दशकांत खानदेशांत वाफेचें युग पोंचत होतें. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें हिंदी कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि आगगाडी सह्याद्रि ओलांडून भुसावळाकडे आली. नशिराबादेच्या जवळ भादलीचें स्थानक झालें. पुढें सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले, जळगांवांत कापडाची गिरणी उभी राहिली. सूतगिरणीच्या इंजिनाचा वेग एकसारखा नसला तर धागे तटातट तुटतात. ज्या खोडीनें ग्रीनिचच्या ज्योतिषाला त्रास दिला, तिची काळजी यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक गिरणीला वाहावी लागे.

वाफेमागून वीज आली. १८९१ च्या सुमारास हॅरी वॉर्ड लेनर्ड या अमेरिकन अभियंत्यानें मोटारीला मिळणारा विजेचा दाब जनित्रापासूनच कमीजास्त करून तिचा वेग शून्यापासून पूर्ण गतीपर्यंत सुरळीत बदलण्याची पद्धति काढली. उद्वाहक आणि खाणींतील पाळणे यांना ती फार उपयोगी पडली, कारण माणसें बसलेला पाळणा हिसक्यानें थांबून चालत नाहीं. महाराष्ट्रांत मोटारीला आवरण्याची खरी परीक्षा झाली ती मात्र सह्याद्रीच्या घाटांत.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत १५०० व्होल्ट दाबाच्या विजेवर गाडी धांवली, आणि १९३० पर्यंत हा विजेचा मार्ग बोरघाट चढून पुण्याला व थळघाट चढून इगतपुरीला पोंचला. या घाटांत कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. त्यासाठीं १९२८ च्या सुमारास सुमारें २६०० अश्वशक्तीचीं इंजिनें आणण्यांत आलीं. त्यांतील पहिलीं स्वित्झर्लंडांत बनलेलीं होतीं. बाजूच्या दांड्यांची खळबळ करीत चालणाऱ्या या लांबट इंजिनांना रेल्वेच्या लोकांनीं खेकडा हें नांव दिलें.

खेकड्याचा ड्रायव्हर समोरचा दांडा एकेक खांच पुढें सरकवी. प्रत्येक खांचेबरोबर मोटारींच्या वाटेंतील विजेचा अडथळा थोडा कमी होई. घाई केली तर चाकें रुळांवर जागच्या जागीं घसरत. दिरंगाई केली तर गाडी चढावर अडे. उतरतांना तर कसब आणखी निराळें. त्या वेळीं मोटारीच जनित्र होत. गाडीचें वजन त्यांना फिरवी, निर्माण झालेली वीज वरच्या तारेंत परत जाई आणि त्या ओढीनें गाडी आवरली जाई. प्रवाहाच्या कांट्यावर एक डोळा, रुळावर दुसरा, आणि मनगटांत वर्षानुवर्षांची संवय, अशा साधनांनीं तो ही कामगिरी पार पाडी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीपासून भुसावळपर्यंत २५,००० व्होल्टची वीज आली आणि भादलीवरूनहि विजेचीं इंजिनें जाऊं लागलीं. घाटांतील त्या पहिल्या पिढीनें मात्र एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती: मोटारीला कळत नाहीं तें माणसाच्या मनगटाला कळतें. मग मनगटाला नेमकें काय कळतें?

या प्रश्नाचें उत्तर सांपडलें तें समुद्रावर. निकोलास मिनोर्स्की हे मूळचे रशियन अभियंते अमेरिकेंत जाऊन राहिले होते. जहाज सरळ मार्गावर ठेवणारा तरबेज सुकाणवाला काय करतो, याचा विचार करून त्यांनीं १९२२ सालीं त्याचें गणित प्रसिद्ध केलें. सुकाणवाला तीन गोष्टी पाहतो. जहाज मार्गापासून आतां किती ढळलें आहे, ही पहिली. तें किती वेगानें ढळत अथवा परतत आहे, ही दुसरी. आणि वारा किंवा प्रवाह बराच वेळ एकाच बाजूला रेटीत असल्यामुळें किती चूक सांचत आली आहे, ही तिसरी. नवशिका केवळ पहिली गोष्ट पाहतो. म्हणून तो जहाज सरळ झाल्यावरच सुकाणूं सोडतो आणि जहाज पलीकडे निघून जातें. तरबेज माणूस जहाज परतूं लागतांच, तें सरळ होण्यापूर्वींच, सुकाणूं उलट फिरवितो. येणाऱ्या झोक्याला आडवा जाणारा हात तो हाच.

मिनोर्स्कींच्या यंत्राची परीक्षा १९२३ सालीं अमेरिकन आरमाराच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर झाली. यंत्रानें नौका उत्तम हांकली. पण नौकेवरील माणसांना तें रुचलें नाहीं आणि शेवटीं तें काढून ठेवण्यांत आलें. आपल्या हातची विद्या दुसऱ्याच्या, तेंहि एका पेटीच्या, स्वाधीन करणें कोणालाहि जड जातें. नौकेवरून यंत्र उतरलें, तरी मनगटाची विद्या कागदावर उतरली होती. वर्तमान चूक, चुकीचा वेग आणि सांचलेली चूक या तिन्हींना योग्य तें वजन देऊन मोटारीचा जोर ठरविणें, यालाच पुढें पी-आय-डी नियंत्रण असें नांव पडलें. आज जगांतील असंख्य भट्ट्या, झडपा आणि मोटारी याच त्रयीवर चालतात.

मोटारीला आवरण्याची विद्या अशी परिपक्व होत असतां, माणसाला बसल्या जागीं हलविण्याची विद्या निराळ्या वाटेनें येत होती. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्यें आंत्वानेत विमानाच्या शिक्षणासाठीं पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक ठेवून एक डळमळतें आसन केलें होतें. शिकाऊ वैमानिक वर बसे आणि त्याचे सोबती बाजूचे दांडे धरून त्याला कलवीत. तेथें मोटारीच्या जागीं माणसांचे हातच होते, आणि त्या हातांना आवरण्याचें शास्त्र शिकवावें लागत नव्हतें.

पुढचें पाऊल एका वाद्यें बनविणाऱ्या घराण्यांतून आलें. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन यांचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते हवेनें फुगतात आणि मिटतात, याच युक्तीवर लिंक यांनीं १९२९ सालीं विमानाची एक ठेंगणी प्रतिकृति कलती केली. हवा ओढणारा पंप विजेच्या मोटारीवर चाले. प्रारंभीं लोकांनीं तिला जत्रेंतला खेळ मानलें आणि तिचीं बरींचशीं गिऱ्हाइकें करमणुकीच्या बागांचीच होतीं.

१९३४ च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें हवाई टपालाचे खासगी करार रद्द करून तें काम सैन्यावर सोंपविलें. हिंवाळा कडक होता, रात्रीं धुक्याच्या होत्या, आणि केवळ कांट्यांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव त्या तरुणांना नव्हता. ढगांत शिरलेल्या माणसाला त्याचें शरीर खोटें सांगतें. विमान कलत असतां तें सरळ आहे असा त्याला भास होतो. कांहीं महिन्यांत दहाहून अधिक वैमानिक प्राणांस मुकले. सैन्याचे अधिकारी लिंक यांना भेटावयास नेवार्क येथें जमले त्या दिवशीं दाट धुकें होतें. हा गृहस्थ येणार नाहीं असें समजून ते निघण्याच्या बेतांत होते. तोंच लिंक स्वतः विमान चालवीत त्या धुक्यांतून उतरले. त्याच वर्षीं सैन्यानें दर नगास ३५०० डॉलर देऊन सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि वैमानिक या निळ्या पेटींत बसून शिकले. ज्याला खेळणें म्हटलें, त्यानें माणसें वांचविलीं. आज धुळ्याच्या किंवा शिरपूरच्या धांवपट्टीवरून उडणाऱ्या शिकाऊ मुलांना कांट्यांवर विश्वास ठेवण्याचा जो धडा दिला जातो, त्याच्या मुळाशीं त्या हिंवाळ्यांतील मृत्यु आहेत.

१९६५ सालीं स्ट्यूअर्ट या इंग्रज अभियंत्यानें सहा लांबत्या-आंखुडत्या पायांवर उभ्या असलेल्या पीठाची कल्पना मांडली. टायरांच्या परीक्षेसाठीं गॉफ यांनीं तसेंच पीठ त्यापूर्वींच बनविलें होतें. मोठीं सिम्युलेटरें अनेक वर्षें तेलाच्या दाबावर चालत. अलीकडे त्यांची जागा विजेच्या मोटारी घेत आहेत. आणि हींच तत्त्वें आतां स्वस्त फलकांच्या रूपानें पडवीपर्यंत येऊन पोंचलीं आहेत.

नशिराबादच्या पडवींतील तरुणाकडे परत वळलें असतां त्याच्या अडचणीचें स्वरूप आतां स्पष्ट होतें. त्याची मोटार बहुधा जुन्या गाडीच्या कांचेवरील पाणी पुसणाऱ्या वायपरची असते. आसनाची जागा सांगण्यासाठीं तो एक फिरती गुंडी बसवितो; रेडिओचा आवाज कमीजास्त करणारी जी गुंडी, तिचीच ही बहीण. संगणक म्हणतो, सात अंश. गुंडी सांगते, चार अंश. तीन अंशांची चूक फलकाला कळते आणि सेकंदाला शेंकडों वेळां तें मोटारीचा जोर ठरवितें. चुकीच्या प्रमाणांतला जोर थोडा ठेवला तर आसन आळसतें आणि मुक्कामाच्या अलीकडेच थबकतें. तोच फार वाढविला तर आसन मुक्काम ओलांडून पलीकडे जातें, परततें, पुन्हां ओलांडतें, आणि वॅटच्या इंजिनाची शिकार पडवींत सुरू होते. दांत्यांमध्यें ढिलाई असेल तर ही खोडी अधिकच वाढते, कारण ढिलाई म्हणजे उशीर.

येथें दुसरी मात्रा, चुकीच्या वेगाची, कामास येते. आसन मुक्कामाजवळ वेगानें येऊं लागलें कीं ती आधींच लगाम ओढते. परंतु तीहि अति झाली तर गुंडीच्या बारीकसारीक खरखरीलाच ती गति समजते; मोटार गुणगुणते आणि तापते. तिसरी मात्रा सांचलेल्या चुकीची. बसणाऱ्याच्या वजनानें आसन रोज अर्धा अंश खालीं राहत असेल, तर ती हळूहळू जोर वाढवून तें भरून काढते. पण आसन कोठें अडकलें, तर हीच मात्रा मुकाट्यानें जोर सांठवीत राहते आणि अडथळा सुटतांच बसलेल्याला एकदम भिरकावते. म्हणून तिला मर्यादा घालणें अवश्य असतें.

या तीन मात्रा किती द्याव्या याचा एक प्रसिद्ध तोडगा १९४२ सालीं अमेरिकेंतील टेलर कंपनीच्या झीगलर आणि निकोल्स यांनीं प्रसिद्ध केला. दुसरी व तिसरी मात्रा बंद ठेवून पहिली वाढवीत जावी. यंत्र एकसारखें, न वाढतां न घटतां डोलूं लागलें कीं ती मात्रा टिपून ठेवावी आणि एका हेलकाव्याचा काळ मोजावा. मग पहिली मात्रा त्याच्या सहा-दशांश ठेवावी, सांचलेल्या चुकीचा काळ हेलकाव्याच्या निम्मा, आणि वेगाच्या मात्रेचा काळ अष्टमांश. हेलकावा ०.४ सेकंदाचा असेल, तर हे दोन काळ अनुक्रमें ०.२ व ०.०५ सेकंद येतात. पण हा नियम कारखान्यांतील झडपांसाठीं निघाला. त्यानें प्रत्येक हेलकावा आधीच्या चौथाई होतो. झडपेला तें चालतें, माणसाच्या मानेला चालत नाहीं. म्हणून शहाणा कारागीर त्या आंकड्यांवरून आरंभ करतो आणि तेथून मात्रा उतरवीत आणतो.

देहाचीहि एक गंमत आहे. त्याला वेग कळत नाहीं, वेगांतील बदल कळतो. आसन मागें ३० अंश कललें कीं वजनाचा निम्मा जोर पाठीवर येतो, आणि डोळ्यांपुढें रस्ता धांवत असेल तर मन त्यालाच गाडीची मुसंडी समजतें. परंतु कलणें इतकें संथ हवें कीं कानांतील तोलाच्या इंद्रियाला त्याचा पत्ता लागूं नये. मोटार किंचित् थरथरली कीं भ्रम मोडतो आणि मळमळ मात्र उरते. चांगली जुळणी म्हणजे सुखाची चैन नव्हे. तिच्यावांचून यंत्राचा हेतुच नष्ट होतो.

यास्तव जुळणीच्या दिवसांत आसनावर माणूस बसवीत नाहींत. माणसाच्या वजनाइतकें ज्वारीचें पोतें बांधतात. दोन्ही टोंकांना वीज तोडणाऱ्या कळा लावतात, मोटारीच्या प्रवाहाला मर्यादा घालतात, आणि एक तांबडी कळ बसणाऱ्याच्या हाताशीं ठेवतात. मुंबईच्या विजेच्या लोकल गाड्यांत मोटरमनचा हात दांड्यावरून सुटला तर गाडी आपोआप थांबते. मनगटाची विद्या यंत्राला शिकविणाऱ्यांनीं मनगट निकामी होण्याची शक्यताहि ध्यानांत ठेवली होती. पडवींतील यंत्रालाहि हा नियम लागू आहे, कारण तेथें बसणारा बहुधा घरचाच कोणी तरी असतो.

पोतें कलतें, थांबतें, परत येतें. पहिल्या दिवशीं तें उसळतें, दुसऱ्या दिवशीं डोलतें, आणि कांहीं दिवसांनीं सांगितल्या जागीं जाऊन निमूटपणें उभें राहतें. मग पोतें उतरतें आणि माणूस बसतो. आखाजीच्या संध्याकाळीं झोका फार चढला कीं एखादी वडीलधारी बाई पुढें होते. ती दोर ओढीत नाहीं, ओरडत नाहीं. झोका परत येत असतां त्याला हात लावते, पुन्हां लावते, आणि तिसऱ्या फेरीला मुलगी हंसत खालीं उतरते. यंत्राला शिकवावयाचें तें एवढेंच आहे, आणि तें शिकवावयाला माणसाला वॅटच्या गोळ्यांपासून आजच्या फलकापर्यंतचा सारा काळ लागला.